खणखणीत आणि बद्द

माझे वडील भिवाजी दळवी यांचा कशावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, पंचांगावर नव्हता, रेडिओवरच्या बातम्यांवर तर नव्हताच. कल्याणच्या यार्डात चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांची चाकं तपासली. लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, एकेका चाकावर टोला द्यायचा आणि ऐकायचं. आवाज खणखणीत आला तर चाक चांगलं. बद्द आला तर कुठंतरी चीर आहे. मग खडूने फुली मारायची आणि तो डबा गाडीतून काढून बाजूच्या रुळावर उभा करायला लावायचा. त्या रुळाला यार्डात सिक लाइन म्हणत. 'दिसायला सगळी चाकं सारखीच,' आप्पा म्हणायचे, 'बोलायला लागली की कळतं.'

निवृत्त झाले तेव्हा हातोडी गेली, सवय राहिली. नारळ, मडकी, भिंती, जे दिसेल ते बोटाच्या पेराने वाजवून बघायचे. माझं लग्न ठरवायला आम्ही कळव्याला गेलो, तर आप्पांनी पत्रिका उघडलीसुद्धा नाही. सासरचं कपाट मात्र वाजवून पाहिलं. 'पत्रा पातळ आहे,' परत येताना म्हणाले. त्या कपाटाशी मी बारा वर्षं संसार करते आहे. पत्रा खरंच पातळ आहे.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कोळसेवाडीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आईला पिशवीचं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं. तिच्या अंगावरून फार जायचं, ती पांढरीफटक पडली होती, चार पायऱ्या चढली की धाप लागायची. रक्त कमी झालंय, दम लागणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आप्पांचा चेहरा मात्र ऑपरेशनचं नाव ऐकून उतरला. त्यांची भावजय, आमची मंजुळाकाकू, अशाच ऑपरेशनसाठी आत गेली आणि टेबलावरून उठलीच नाही. का, ते कुणी धड सांगितलं नाही. आप्पा तेव्हा बाहेर बाकावर बसून होते.

'त्या वेळी विश्वासाने आत पाठवली,' ते आईकडे बघत म्हणाले, 'सगुणाला मी जागा बघितल्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही.'

रेल्वेचा दवाखाना आम्हाला फुकट होता. पण फुकटच्या वस्तूवर आप्पांचा सगळ्यात जास्त संशय. राहिली खाजगी नर्सिंग होम्स. त्यांचं तेव्हा कल्याण-डोंबिवलीत पेव फुटलं होतं. दोन फ्लॅट घ्यायचे, मधली भिंत पाडायची, बाहेर लाल फुलीची पाटी लावायची, की झालं. मी ऑफिसात रजा टाकली, कळव्याहून माहेरी आले आणि आम्ही तिघं बघायला निघालो.

पहिलं कल्याणातच, साडीच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टर आत आईशी बोलत होते आणि आप्पा बाहेर जिन्याचं वळण वितीने मोजत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोजून झाल्यावर त्यांनी कंपाउंडरला गाठलं.

'पेशंटला वर कसं आणता?'

'मावशी आत्ता आल्या तशाच. चालत.'

'आणि खाली?'

'चालतच की काका. बरं होऊनच जातात ना.'

'आणि नाही चालली तर? या वळणात स्ट्रेचर फिरत नाही. मी मोजलंय.'

कंपाउंडर माझ्याकडे बघायला लागला. आम्ही खाली उतरलो. अर्ध्या जिन्यात आई थांबली, उजव्या कुशीत हात दाबून उभी राहिली. 'पायऱ्या उंच आहेत मेल्या,' एवढंच म्हणाली.

दुसरं डोंबिवलीला, अगदी नवंकोरं. फरशीत तोंड दिसत होतं, काचेच्या पेटीत लाल मासे फिरत होते, आणि काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघून गोड हसली. 'एवढं हसायला काय झालंय हिला?' आप्पांनी माझ्या कानात विचारलं. डॉक्टर तरुण आणि चटपटीत होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, पदरावरूनच क्षणभर नळी लावली आणि 'परवा सकाळी घेऊन टाकू' म्हणाले. तोवर आप्पांचं काम सुरू झालं होतं. खाटेचा गज वाजवला, खिडकीची चौकट वाजवली, नळ सोडून पाणी हुंगलं. मग बोळात उभा असलेला ऑक्सिजनचा सिलिंडर वाजवला. तो घंटेसारखा खणखणला.

आप्पांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. कित्येक वर्षांत मी त्यांना असं समाधानी पाहिलं नव्हतं. पुन्हा एकदा वाजवला, मान डोलावली आणि म्हणाले, 'हे ठीक आहे. इथंच करू.'

मी सहज वर बघितलं. सिलिंडरच्या मानेवर घड्याळासारखी तबकडी होती आणि तिचा काटा शून्यावर होता.

'आप्पा, हा रिकामा आहे.'

तेवढ्यात नर्स आली. 'तो काल संपला. येईल आज-उद्या दुसरा.'

'आज ऑपरेशनं आहेत का?' आप्पांनी विचारलं.

'आहेत ना, दोन.'

ती निघून गेली. आप्पांनी आईची कापडी पिशवी उचलली आणि आम्ही बाहेर पडलो.  रस्त्यावर ते एका दुकानाच्या पायरीवर बसले.

'लोखंड खोटं बोललं नाही,' ते म्हणाले. 'लोखंड चांगलंच आहे. आत काय आहे, ते मी विचारलंच नाही.'

त्यानंतर दोन दिवस त्यांनी काहीही वाजवलं नाही. आईने बाजारातून नारळ आणला, त्यालाही बोट लावलं नाही. आधी मला त्यांचा रागच आला होता. आई दिवसेंदिवस पांढरी पडतेय आणि हे जिने मोजत हिंडतायत. मी तोंडावर बोलले, 'आप्पा, ऑपरेशनने काही होणार नाही, तुमच्या संशयानेच आई जाईल.' एरवी त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. त्या दिवशी नुसते खाली बघत राहिले. मग मला भीती वाटली.

तिसरं नाव आमच्या कळव्याच्या कोळणीने, रखमाबाईने सांगितलं. पाटी उतरवता उतरवता म्हणाली, 'चेंदणीला भाऊ डाक्टरकडं ने गो आयशीला. चारच खाटा हायेत, पन मानसाला हात लावून बघतो.'

ठाण्याला चेंदणीत गेलो. छताला ओल होती, पंखा डुलत होता, खाटांवरच्या चादरींना ठिगळं होती. चादरी धुतलेल्या होत्या, हे मी पाहिलं. आप्पा छताकडे बघत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. भाऊ डॉक्टर सत्तरीचे असतील. त्यांनी घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि आईला पाठ करून बसायला सांगितलं.

मग त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट आईच्या पाठीवर सपाट ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर हलकेच ठोकलं. टक टक. मान तिरपी, डोळे मिटलेले. आप्पांची नजर छतावरून खाली आली. डॉक्टर डावीकडून ठोकत खालपर्यंत गेले. मग उजवीकडे वरून सुरुवात केली. टक टक. टक टक. अर्ध्यावर आले आणि आवाज पडला.

'बद्द,' कोपऱ्यातून आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी डोळे उघडले. 'काय म्हणालात?'

'तिथून खाली बद्द आहे. वर चांगलं आहे.'

'हे कुठं शिकलात?'

'यार्डात. चाकं तपासायचो.'

डॉक्टर हसले नाहीत. जरा बाजूला सरकले, आप्पांना जवळ बोलावलं आणि दोन्ही बाजूंनी पुन्हा ठोकून दाखवलं. दोघं म्हातारे माझ्या आईच्या पाठीशी वाकून ऐकत होते. 'फुप्फुसाच्या बाजूला पाणी साठलंय,' डॉक्टर म्हणाले. 'फोटो काढून खात्री करू. या अवस्थेत भूल द्यायची म्हणजे…' त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. 'पिशवीचं नंतर बघता येईल. तूर्त ते गोळ्यांनी आवरू. खोकला किती दिवस आहे हिला?'

प्रश्न आप्पांना होता. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

'गणपतीपासून,' आई म्हणाली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता.

'संध्याकाळी अंग गरम होतं?'

'होतं थोडं. कुशीतही दुखतं.'

'घरात बोलला नाहीत?'

'ह्यांच्या डोक्याला ऑपरेशनचा घोर होताच. त्यात आणखी कशाला?'

आप्पा स्टुलावर परत जाऊन बसले. चौतीस वर्षं मैलभर लांबीच्या गाड्यांची चाकं ऐकणारा माणूस, आणि एका हाताच्या अंतरावर झोपलेल्या बायकोचा खोकला त्याने ऐकून ऐकला नव्हता. मला त्यांची इतकी कीव आली की तेव्हा त्यांच्याकडे बघवेना. माझेही कान तिथंच होते, हे नंतर सुचलं.

दोन दिवसांनी पाणी काढलं. आप्पा या वेळी बाहेर बाकावर बसले नाहीत, आत उभे राहिले. तिथल्या सिलिंडरचा काटा त्यांनी आधी पाहिला, मग सिलिंडर वाजवला. क्षय निघाला. नऊ महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि भाऊ डॉक्टर सांगतील ते आप्पा मुकाट्याने ऐकू लागले. रोज संध्याकाळी आईला दारात पाठ करून बसवायचे आणि दोन बोटांनी वरपासून खालपर्यंत ठोकायचे. आई वैतागायची. 'झालं असेल वाजवून तर भाकऱ्या थापू का?' म्हणायची.

होळीच्या सुमारास मी माहेरी आले होते. आप्पांनी नेहमीसारखं ठोकलं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मलासुद्धा कळलं. दोन्हीकडे एकच आवाज होता. आप्पांनी आईच्या पाठीवरून तळहात फिरवला, खडूची फुली पुसावी तसा.

आईने पदर सावरला. 'लोक बायकोवर संशय घेतात,' ती म्हणाली. 'तुम्ही जिन्यांवर घेतलात, नळांवर घेतलात, त्या हसणाऱ्या पोरीवर घेतलात. एकदा माझ्यावर घेतला असतात तर तेव्हाच कळलं असतं.'

आप्पा तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

'तुझ्यावर विश्वास होता,' ते म्हणाले.