कोंबडी ताटलीतनं गेली

चटणीचा डबा परत आला आणि नीलव्वाचं डोकंच फिरलं. स्टीलचा पाच किलोचा डबा, झाकणावर तिनं स्वतः बांधलेलं पांढरं फडकं, आणि फडक्याची गाठ जशीच्या तशी. भाजीच्या टेम्पोवाल्यानं तो दारात ठेवला आणि निरोप सांगून मोकळा झाला, "अक्काताई म्हणत्यात, जी बोलत न्हाई तिची चटणी आमाला नको."

चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात थोरल्या बहिणीकडं जाणारा डबा. तो असा परत!

आता नीलव्वा म्हणजे कोण, तर शिवाजी पेठेत चटणी कांडून देणारी. मिरची नवी की गेल्या सालची, ते ती पोत्याचं तोंड सोडायच्या आधी सांगणार. गिऱ्हाईक जरा "तिखट कमी टाका" म्हणालं, की "मग हळदच न्या की पावणं" असं तोंडावर बोलणार. पेठेत तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. पण हीच नीलव्वा सतराव्या वर्षी हद्दीपलीकडच्या गावातनं इथं नांदायला आली, तेव्हा तिला मराठीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. आज तिचं बोलणं ऐकून कुणी म्हणणार नाही की हिची मायबोली कन्नड. राग आला की मात्र कन्नडच बाहेर पडतं. त्या दिवशी डब्याकडं बघत ती बराच वेळ कन्नडात बोलत होती.

झालं होतं असं. गेल्या दिवाळीपासून अक्काताईचे कान पार गेले. मशीन लावून झालं, काही उपयोग नाही. फोन केला की ती "काय ऐकू येत न्हाई गं" म्हणून ओरडायची आणि ठेवून द्यायची. व्हिडिओ लावला तर बहिणीचे नुसते हलणारे ओठ बघून रडायला लागायची. मग नीलव्वानं ठरवलं, आपण स्वतःच जाऊन चार दिवस राहून यायचं. आणि नेमकी कांडपाच्या पायरीवरून घसरली. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर. दोन महिने खाटेवर.

"अक्काला ह्यातलं काय कळू द्यायचं न्हाई," तिनं भाच्याला, म्हणजे अक्काताईच्या राजशेखरला, बजावलं. "ह्या वयात ती एसटीनं धावत येईल आणि वाटंत पडंल."

राजशेखर बिचारा आईला पाटीवर लिहून सांगायचा. मावशी का येत नाही, तर आधी सर्दी झाली म्हणाला, मग कांडपाला गर्दी आहे म्हणाला, मग म्हणाला घरी रंगकाम काढलंय. तीन वेळा तीन कारणं! अक्काताईचे कान गेले होते, अक्कल नव्हे. पोरगा समजूत काढतोय हे तिनं ओळखलं. माझे कान गेले आणि बहिणीला मी जड झाले, असं तिनं मनाशी घट्ट धरलं. आता राजशेखरनं खरं लिहिलं असतं तरी तिनं मानलं नसतं.

डबा परत आलेला नीलव्वाला फार लागला. आपण बहिणीला टाकलं असं बहिणीला वाटतंय, आणि आपण इथं पाय वर करून पडलोय. ती दोन दिवस नीट जेवली नाही.

"आत्या, लिवून पाठवा की तुमी," सून म्हणाली. सुष्मिता मलकापूरची. कन्नडातलं 'जेवलीस का' सोडलं तर तिला दुसरं काही कळत नाही, पण फोन मात्र तिच्या हातात पोपटासारखा वागतो. "मावशींच्या फोनवर आलेलं त्या वाचत्यात ना?"

वाचते तर. कन्नड छान वाचते. टाइप मात्र तिला करता येत नाही.

सुष्मितानं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डला मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा लावल्या. खाली पृथ्वीचं गोल चित्र आलं. ते दाबलं की भाषा बदलणार. पण आधी तिनं सोपा रस्ता धरला. स्वतः मराठीत लिहिलं, फोनकडून त्याचं कन्नड करून घेतलं आणि पाठवून दिलं. तासाभरात राजशेखरचा फोन, "मावशी, आई विचारतीया, हे पत्र बँकेतनं आलंय काय? माझी बहीण मला 'आदरणीय भगिनी' कधीपास्नं म्हणाय लागली?"

"बघ! आता माझ्या नावावर लबाडी पण चढली," नीलव्वा सुनेवर कडाडली. "आण इकडं. मीच लिवतो."

म्हणाली खरी. पण तांदळातल्या खड्यांएवढी ती अक्षरं! एक सापडेपर्यंत दुसरं विसरायची, मध्येच पृथ्वीवर बोट पडायचं आणि सगळं इंग्रजी होऊन जायचं. दुपार गेली आणि दोन शब्दसुद्धा झाले नाहीत. शेवटी तिनं फोन वाकळेवर आपटला.

"सुष्मे, माझी अक्षरं बोटात हायती गं. डोळ्यात न्हाईत."

"म्हंजे?"

मग नीलव्वानं सांगितलं. ती शाळेत कधी गेलीच नाही. म्हशी राखायची. अक्का मात्र चौथीपर्यंत शिकली. संध्याकाळी चुलीची गार राख ताटलीत पसरायची आणि धाकटीचं बोट धरून अक्षर काढायला लावायची. चुकलं की ताटली हलवायची, राख पुन्हा सपाट. एकदा नीलव्वानं सगळंच वेडंवाकडं काढलं आणि मार चुकवायला म्हणाली, "मी न्हाई, कोंबडी ताटलीतनं गेली." अक्का मारायचं विसरून हसत बसली. पुढं काही चुकलं की दोघींचं ठरलेलं, कोंबडी ताटलीतनं गेली. घरात दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं.

सुष्मिता फोन उचलून पुन्हा सेटिंगमध्ये शिरली. कन्नडच्या आत शोधता शोधता तिला हातानं लिहायचा कीबोर्ड सापडला. तो लावल्यावर बटणं गेली आणि खाली नुसती मोकळी जागा उरली.

"आता बोटानं काढा."

नीलव्वानं बोट टेकवलं. 'अ' काढला आणि वर तो छापल्यासारखा उमटला. "अगं आई गं!" ती एवढ्यानं ओरडली की खाली कांडपावरची बाई जिना चढून आली. दुसरं अक्षर चुकलं, तेव्हा तिनं सवयीनं फोन दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. अक्षर पुसलं जायच्या ऐवजी फोनची बॅटरी लागली आणि उजेड सरळ डोळ्यांत. सुष्मिता हसून हसून खाली बसली. "आत्या, ही ताटली न्हवं! पुसायला हे बटण हाय."

बोट मिरचीनं राठ झालेलं, पण वळणं विसरलं नव्हतं. सावकाश, एकेक करून, तिनं कन्नडात लिहिलं:

'अक्का, माझा पाय मोडलाय. खाटेवर हाय. तू धावत येशील म्हणून लपवलं. राजूला खोटं बोलायला मीच लावलं. तुझे कान गेले, मी न्हाई गेले. चुकलं असलं तर कोंबडी ताटलीतनं गेली.'

पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर मात्र नाही. संध्याकाळ झाली, जेवणं झाली, तरी नाही. वाचूनही गप्प बसली म्हणजे राग गेलेला नाही, असं नीलव्वाला वाटलं आणि ती खचून गेली.

सकाळी चहाच्या वेळी फोन वाजला. राजशेखरनं फोटो पाठवला होता, आईनं काढायला लावलेला. आजकाल घरोघरी गॅस, म्हातारीनं राख कुठनं पैदा केली देव जाणे. पण ताटलीत राख सारखी पसरलेली होती, आणि तिच्यात बोटानं एकच शब्द काढला होता.

"काय लिवलंय?" सुष्मितानं विचारलं.

"बरतीनी," नीलव्वा म्हणाली. "येतो म्हणती."

"आणि हे काय?"

शब्दावरनं तीन तीन रेघांची पावलं ताटलीच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत गेली होती. अक्काताईनं बोटानं काढलेली. कोंबडीची.

नीलव्वा हसायला लागली आणि हसता हसता तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली. सुष्मिता डबा उचलून आत ठेवायला निघाली, तशी ती डोळे पुसत ओरडली, "त्याला हात लावू नको! गाठ तशीच ऱ्हाऊ दे. अक्का येऊन सोडंल."