मुद्दा क्रमांक एक

आमच्या एम.ए.च्या वर्गात इचलकरंजीजवळच्या कबनूरहून येणारी जी मुलगी होती, तिच्याइतकं मोठ्यानं बोलणारं आणि तिच्याइतकं कमी ऐकणारं माणूस सबंध कोल्हापूर जिल्ह्यात दुसरं नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कमी ऐकणारं म्हणजे कान उत्तम होते, ऐकून घ्यायची तयारी नव्हती. दोन वर्षं ती माझ्या बाकावर बसली आणि या दोन वर्षांत माझा डावा कान तिच्या ताब्यात होता. तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात चार यंत्रमाग होते. ती त्यांच्या खडखडाटातच रांगली, चालली, शाळेचा अभ्यासही तिनं तिथंच केला. त्यामुळे हळू बोलणं ही काय चीज असते हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिची कुजबुज तिसऱ्या बाकापर्यंत जायची, साधं बोलणं व्हरांड्यात पोचायचं आणि राग आला की शेजारच्या वर्गातले सर दोन मिनिटं थांबून मग पुढं शिकवायचे. एकदा लायब्ररीत मी तिला “हळू बोल” म्हटलं, तर ती म्हणाली, “हळूच बोलायलोय की!” आणि समोर पेपर वाचत बसलेल्या गृहस्थांनी दचकून चष्मा काढला.

पहिल्याच महिन्यात तिची आणि हजेरीची जुंपली. इचलकरंजीहून येणारी एसटी तिला रोज दहा-बारा मिनिटं उशिरा सोडायची आणि आमच्या अर्थशास्त्राच्या सरांचा दरवाजा बरोबर साडेदहाला बंद व्हायचा. सर तसे मऊ स्वभावाचे, स्वेटर घालणारे, खडूचा तुकडा संपेपर्यंत वापरणारे. पण दरवाजाच्या बाबतीत कडक. दुसरी कुणी असती तर कँटीनमध्ये जाऊन बसली असती. ही व्हरांड्यात, बंद दरवाजाला पाठ लावून, जमिनीवर बसली. सर आतून शिकवत राहिले आणि ती बाहेरून लिहून घेत राहिली. तासाच्या शेवटी सरांनी हजेरी घेतली, तिचा नंबर सहज म्हणून उच्चारला आणि बाहेरून असा खणखणीत “हजर!” आला, की शेजारच्या इतिहासाच्या वर्गातल्या एका मुलानं स्वतःचीही हजेरी पुन्हा दिली म्हणे. सर दरवाजा उघडून म्हणाले, “तू वर्गात नव्हतीस.” ती उठून ओढणी झटकत म्हणाली, “सर, तुमी मागणीचा नियम सांगितलासा, मग अपवाद सांगितलासा. तिसरा अपवाद सांगायच्या आधी घंटा झाली. आता सांगा, मी कुठं हुतो?” सरांनी हजेरी लावली. पुढं दरवाजा पावणेअकराला बंद होऊ लागला.

हे “मी हुतो, मी आलो, मी जातो” म्हणजे आमच्याकडच्या बायकांचं रोजचं बोलणं. पण पुण्याहून व्याख्यानाला आलेल्या एका बाईंना ते सोसवलं नाही. व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला ही उठली, “मी एक इचारतो,” म्हणाली. बाईंनी गोड हसून तिला थांबवलं. “विचारतो नाही बाळ, विचारते. आपण मुलगी आहोत ना?” सभागृहात हशा झाला. मी असते तर तिथंच खाली बसले असते, आणि आयुष्यभर प्रश्न विचारला नसता. ती हशा संपेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, “ते मला म्हाईत हाय. आता प्रश्न इचारू का, का अजून कुनाला काय हाय?” तिचा प्रश्न इतका अवघड निघाला की बाईंना पाण्याचा ग्लास लागला.

मी नेमकी तिच्या उलट. माझे आईवडील दोघंही शिक्षक, घरात किराण्याच्या यादीला सुद्धा समास आखलेला. पहिलीपासून माझा पहिला नंबर आला तो हुशारीमुळं कमी आणि समोरच्याला काय हवंय ते ओळखण्यामुळं जास्त. प्रत्येक उत्तराच्या शेवटी “वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की” हे वाक्य लिहायचं, हे मी तिला पहिल्याच चाचणीच्या वेळी मैत्रीखातर सांगितलं. तिनं विचारलं, “आणि स्पष्ट झालं नसंल तर?” तिच्या एका उत्तराच्या शेवटी खरोखरच “एवढं लिहूनही मला हे नीट कळलेलं नाही” असं वाक्य होतं. गाइड ती विकत घ्यायची नाही, ग्रुपवर आलेल्या नोट्स उघडायची नाही. जे पुस्तकात वाचलं आणि डोक्याला पटलं तेवढंच लिहायची, आणि पटलं नाही ते का पटलं नाही तेही लिहायची. त्यामुळं तिचे मार्क हे हवामानासारखे होते. एका पेपरात वर्गात पहिली, दुसऱ्यात काठावर.

खरी ठिणगी पडली ती पहिल्या सेमिस्टरच्या असाइनमेंटमध्ये. विषय होता, ‘यंत्रमाग उद्योगाच्या समस्या’. वीस मार्कांची असाइनमेंट, आठ मिळाले नाहीत तर नापास. सरांनी ग्रुपवर नोट्सची पीडीएफ टाकली. ती बहुधा आमच्या जन्माच्या आधीची असावी, कारण पानांवर स्टेपलरच्या गंजाचे डागसुद्धा स्कॅन झाले होते. तीत सात मुद्दे होते. वर्गातल्या एकतीस जणांनी ते सात मुद्दे एकतीस हस्ताक्षरांत उतरवले. मी निळ्या पेनानं मथळे लिहिले, खाली काळ्यानं रेघा मारल्या. तिनं मात्र पहिला मुद्दा जसाच्या तसा लिहिला, ‘कामगारांचे अज्ञान व अकुशलता’, आणि त्याच्याखाली लिहिलं, ‘हा मुद्दा चुकीचा आहे.’ मग अडीच पानं तो कसा चुकीचा आहे हे लिहिलं, आणि उरलेल्या सहा मुद्द्यांना अर्धं पान दिलं.

तिला वीसपैकी चार मिळाले.

सरांनी तिला तासानंतर थांबवलं. मी दप्तर भरायला मुद्दाम वेळ लावत होते. सर खरंच समजावणीच्या सुरात बोलत होते. “अगं, तुझं लिखाण वाईट नाही. पण मुख्य पेपर बाहेरचा परीक्षक तपासतो. त्याच्या हातात उत्तराची यादी असते. यादीत हा मुद्दा पहिला आहे. मी इथं तुला चुकीची सवय लावली तर तिथं तुझं नुकसान होईल. नीट लिहून आण, मी सोळा देतो.”

“मंजे तुमाला माझं पटलंय?”

“पटण्याचा प्रश्न नाही.”

“मग कशाचा हाय?”

सरांनी हातातला खडूचा कण टेबलावर ठेवला. “सोमवारपर्यंत आण.”

“सर, मी आणनार न्हाय,” ती म्हणाली. तिच्या मानानं हे तिनं फारच हळू म्हटलं, म्हणजे फक्त आमच्या वर्गाला ऐकू गेलं. “तुमी चारच ठेवा.”

पुढचे चार दिवस अख्खा वर्ग तिच्या मागं लागला. एका वाक्यासाठी वर्ष कशाला अडवतेस, लिहून टाक, मनात काहीही असू दे. कोडोलीच्या एका मुलानं तर तिच्या अक्षरासारखं अक्षर काढून असाइनमेंट लिहून द्यायची तयारी दाखवली. मीही म्हणाले, “मी लिहिते तुझ्यासाठी. तुला हातसुद्धा लावायला नको.” ती म्हणाली, “तू एक काम कर. रविवारी आमच्याकडं ये. आईसमोर बस आणि तो मुद्दा मोठ्यानं वाचून दाखव. तिला अकुशल म्हन. ती व्हय म्हनली तर मी लिहितो.”

मी गेले. आईबाबांना अभ्यासाला जाते म्हणून सांगितलं होतं, आणि ते खोटंही ठरलं नाही. शेडात पाय टाकला आणि तो आवाज माझ्या छातीवरच आदळला. चार माग, आणि त्यांच्यामध्ये पदर कमरेला खोचलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीची एक बाई, तिची आई. एका पाळीत वडील, एका पाळीत आई, असं त्यांचं चालायचं. मी नमस्कार करून काहीतरी म्हणाले. आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मान हलवली. इतकी वर्षं या खडखडाटात काढल्यावर त्यांना माणसांचं बोलणं कमी ऐकू यायचं, त्या ओठांवरून ओळखायच्या. एवढ्यात, माझ्याकडं बघता बघताच, त्या वळल्या, तिरक्या चालत चौथ्या मागापाशी गेल्या आणि तो बंद केला. हजारो धाग्यांतला एक तुटला होता. मला जवळून दाखवल्यावरही तो दिसेना.

“ह्यांना कसं कळलं?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“आवाज बदलला की,” ती म्हणाली. “तुला आला न्हाय ऐकू?”

परत आत गेल्यावर आईनं मला तुटलेल्या धाग्याची टोकं बांधायला लावली. त्यांनी एकाच हाताच्या दोन बोटांत गाठ मारून दाखवली, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. मी दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून, अकरा वेळा प्रयत्न केला. धागा ओला झाला, काळा झाला, शेवटी तुटला. आई एवढ्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग मला भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि निघताना हातात एक पांढऱ्या सुताची कांडी दिली. घरी सराव कर म्हणाल्या. तो मुद्दा मी वाचून दाखवला नाही. पीडीएफ मोबाइलमध्ये होती, पण मोबाइल पर्समधून काढायचं माझं धाडस झालं नाही.

तिनं असाइनमेंट पुन्हा दिली नाही. अंतर्गत गुणांत नापास झाली. सेमिस्टरच्या लेखी परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात आली आणि तिसराच प्रश्न तो, यंत्रमाग उद्योगाच्या समस्या स्पष्ट करा. वाचून ती स्वतःशीच “आला बघ!” म्हणाली आणि सुपरवायझर दोन रांगा ओलांडून तिच्यापाशी येऊन उभे राहिले. तिनं काय लिहिलं ते नंतर सगळ्या कॉलेजला कळलं, कारण तिनंच सांगितलं. या वेळी तिनं साडेतीन पानं खर्च केली होती. त्या पेपरात ती कशीबशी निघाली.

अंतर्गत गुणांसाठी पुढच्या सेमिस्टरला तीच असाइनमेंट पुन्हा द्यावी लागली. तिनं दिली. आता ती बारा पानांची झाली होती. आईनं एका पाळीत काय काय केलं ते घड्याळ लावून लिहिलेलं, गाठीची पायरी-पायरीनं आकृती काढलेली, आणि वर तेच वाक्य, ‘हा मुद्दा चुकीचा आहे.’ सरांनी ती आठवडाभर ठेवून घेतली. मग एक दिवस वर्गात तिच्या हातात देत म्हणाले, “आठ दिलेत. यादी बदलणं माझ्या हातात नाही. पण तुला नापास करणंही मला जमणार नाही.”

आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच ती उभी राहिली. “सर, आठच का? पटलं आसंल तर वीस द्या. पटलं नसंल तर चारच ठेवा की. हे आठ कशाचं?”

सरांनी खिडकीकडं पाहिलं, मग फळा पुसायला लागले, आणि फळा तर आधीच पुसलेला होता. आठ आठच राहिले. पण त्या दिवसानंतर ते तिला ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ म्हणू लागले, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

एम.ए.चा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो होतो. दीड वर्ष जी गोष्ट मी लपवून ठेवली होती ती मी तेव्हा सांगितली. पहिल्या सेमिस्टरच्या त्या पेपरात तिसऱ्या प्रश्नाला मी सातही मुद्दे लिहिले होते. मुद्दा क्रमांक एक, कामगारांचे अज्ञान व अकुशलता. खाली रेघ मारून. त्या पेपरात मी वर्गात पहिली आले होते.

मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मला म्हाईत हाय की,” ती म्हणाली. “पेपर सुटल्यावर तू माझ्याकडं बघितलंच न्हाईस.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तू काय सर हाईस व्हय, तुझ्याशी भांडायला?” तिनं चपला पायांत सरकवल्या आणि उठली. “आई सारखी इचारती बघ. ती गाठ शिकनारी पोरगी परत का आली न्हाय म्हनती. मी काय सांगू?”

मी “येते की” म्हणाले. तिची एसटी आली, ती धावत गेली, खिडकीची जागा एका म्हाताऱ्या बाबांशी वाद घालून मिळवली आणि लगेच त्यांनाच देऊन टाकली.

ती आता इचलकरंजीतल्या एका शाळेत शिकवते. मी इथं कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासमध्ये उत्तरं कशी लिहावीत ते शिकवते, आणि मुलं म्हणतात मी छान शिकवते. तिचा अधूनमधून फोन येतो. दर वेळी मी या महिन्यात नक्की येते म्हणून सांगते. त्याला दोन वर्षं झाली. कबनूर इथून तासाभराच्या वाटेवर आहे.