बारा हजारांची गिटार

बाह स्केमलांगना पुरलं त्या दिवशी पास्टर म्हणाले, "या माणसाने आयुष्यात कधी खोटा भाव सांगितला नाही." कबरीभोवती आमच्या लाइतुमख्राह भागातली सगळी वाजवणारी मंडळी उभी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. माझ्या तोंडात क्वाई होती. पानसुपारी तोंडात असली की बोलावं लागत नाही, एवढं एक बरं असतं.

खोटा भाव बाहनी एकदा सांगितला होता, आणि सांगायला मी लावला होता.

माझं जादोहचं, म्हणजे मांस-भाताचं दुकान आणि बाहचं गिटारींचं दुकान, मध्ये एक पत्र्याची भिंत. त्यांना सगळे बाह म्हणायचे, म्हणजे दादा, आणि मला काँग, म्हणजे ताई. तीस वर्षं त्या पत्र्यातून मला त्यांचं ठोकणं, घासणं आणि तार जुळवणं ऐकू येत होतं, आणि त्यांना माझी बडबड. आमच्या शिलाँगमध्ये घरटी एक छत्री आणि एक गिटार असतेच. घरात अडचण आली की आधी गिटार बाहेर निघते, छत्रीवाचून भागत नाही ना! म्हणून जुन्या गिटारीचा भाव विचारायला बाहकडे रोज कुणी ना कुणी यायचं. विकणारा आणि घेणारा दोघं मिळून यायचे, बाह एक आकडा सांगायचे, आणि तोच आकडा ठरायचा. घासाघीस नाही. पोलीसबाजारातले दुकानदार भांडण मिटेना की म्हणायचे, "चला, बाह स्केमला विचारू."

त्यांची बघायची तऱ्हा ठरलेली. गिटार आली की तोंडात एक क्वाई टाकायची आणि ती चघळून संपेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. वीज जोडायची नाही, वाजवायची नाही. "आवाज गोड बोलून फसवतो," म्हणायचे. गिटारीची मान डोळ्यासमोर धरून सुतार फळी बघतो तशी वाक बघायची. स्क्रूंची डोकी बघायची. खाचा कुरतडलेल्या असल्या तर कुणीतरी आत हात घातलाय. मग पुढचं झाकण उघडून आतले सोल्डरचे डाग बघायचे, जुना डाग मळकट, नवा चमकतो. आणि शेवटी मानेवरच्या धातूच्या पट्ट्या किती झिजल्यात त्यावर अंगठा फिरवायचा. "ही खालच्या तीनच पट्ट्यांवर झिजलीय. चर्चमध्ये वाजवणारा आहे, सांभाळली असणार," असं म्हणून भाव हजाराने चढवायचे. मालकाला न बघता त्याचा स्वभाव सांगायचे, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

एकदा त्यांच्या सख्ख्या भाच्याने गिटार विकायला काढली. घेणारा वीस हजार मोजायला तयार होता. बाहनी घेणाऱ्याच्या तोंडावर सांगितलं, "साडेआठ. मान एकदा मोडून चिकटवलीय." बहीण वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. आमच्यात मामा म्हणजे बहिणीच्या घराचा आधार, आणि हा आधारच असा उलटलेला! मी त्यांना म्हटलं होतं, "बाह, तुमचा खरेपणा तुम्ही कुणाच्या ताटात वाढता ते तरी बघत जा."

"ताट बघून वाढलं तर तो भाव नाही, काँग. ती भीक."

असा माणूस.

खोट्या भावाच्या त्या वर्षी मे महिन्यात फ्रांग देवाच्या घरी क्वाई खायला गेला. फ्रांग म्हणजे आमच्या गल्लीतल्या वाजवणाऱ्यांचा राजा. दारूने गेला, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मागे बायको रिसालिन, मुलगी इबान आणि भाड्याच्या दोन खोल्या. इबानला नर्सिंगला जागा मिळाली होती. महिनाअखेर एक लाख साठ हजार भरले तर जागा, नाहीतर पुढच्या नावाला. रिसालिनकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती, भिंतीवरची फ्रांगची अमेरिकन गिटार. शुक्रवारी सकाळी ती शालीत गुंडाळून बाहकडे ठेवून गेली.

दुपारी बाह चहाला आले. क्वाई अजून तोंडात होती.

"काय निघाली?" मी विचारलं.

"अडीच लाख. डोळे मिटून," बाह म्हणाले. "एक स्क्रू हललेला नाही. त्या दारुड्याने लेकरापेक्षा जास्त जपलीय."

"देव पावला! पोरगी नर्स झाली म्हणून समजा."

बाहनी कप खाली ठेवला. "गिटार रिसालिनची नाही, काँग."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुरुषाने लग्नाआधी कमावलेलं त्याच्या आईच्या घरचं, लग्नानंतरचं बायकापोरांचं. ही आमची रीत, त्यावर कुणी वाद घालत नाही. फ्रांगने ती गिटार लग्नाच्या चार वर्षं आधी, परत जाणाऱ्या एका गोऱ्या मास्तरकडून पहिल्या कमाईत घेतली होती. प्यायला की तो हे साऱ्या गल्लीला सांगायचा. म्हणजे गिटार त्याच्या आईच्या घरची, आणि ते घर आमच्या रीतीने आता धाकटी बहीण सिल्डा हिच्याकडे. सिल्डाचं स्वतःचं घर, इउदुह बाजारात दोन गाळे.

"सिल्डाने निरोप पाठवलाय," बाह म्हणाले. "उद्या दोघी येतील. गिटारीला काही किंमत असेल तर ती घरात जमा होईल. भंगार असेल तर पोरीला आठवण म्हणून राहू दे, म्हणते."

"मग भंगार आहे म्हणून सांगा."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"काय बघता? सिल्डाला अडीच लाख म्हणजे एक सोफा. त्या पोरीला म्हणजे सगळं आयुष्य. उद्या बारा-पंधरा हजार सांगा, सिल्डा सोडून देईल. मग रिसालिनला बाजूला घेऊन खरं सांगा आणि तुम्हीच चांगलं गिऱ्हाईक बघून द्या. कुणाचं काय बिघडलं?"

"भाव बिघडला."

"भाव काय बायबलमध्ये लिहिलाय? इतकी वर्षं खरं बोलून काय मिळवलंत? बहिणीचा अबोला! पोरगी माझ्याकडे भांडी घासायला आली तर तुमचा खरा भाव तिच्या हातात देऊ का, फेस काढायला?"

माझी जीभ अशीच आहे, सुटली की थांबत नाही. बाह उठले. चहा अर्धा राहिला होता.

शनिवारी दुपारी दोघी आल्या. मी कढई सोडून दारात उभी. बाहनी पुन्हा सगळी तपासणी केली, निदान केल्यासारखं दाखवलं. क्वाई मात्र तोंडात टाकली नाही. मला ते तेव्हाच दिसलं. मग गिटारीकडे बघतच म्हणाले, "बारा हजार. आतलं सामान बदललंय. मानेत दोष आहे."

सिल्डा भांडेल असं मला वाटलं होतं. ती रडायला लागली. "बारा हजारांच्या गिटारीवर माझ्या भावाने जन्म काढला!" म्हणाली, आणि तारांवरून एकदा हात फिरवून गिटार रिसालिनच्या हातात दिली. "ठेव गं. पोरीची आहे." वाईट बाई नव्हती ती. तिला खरं सांगून मागितलं असतं तर कदाचित तिने दिलंही असतं. पण तसं मागून बघायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

रिसालिनचा चेहरा मात्र बघवेना. पोरीचं नर्स होणं डोळ्यासमोर बुडालं होतं. "बाह म्हणतात म्हणजे बारा," एवढंच बोलली.

त्या निघून गेल्यावर मी बाहच्या मागे लागले. "आत्ता जा. आत्ताच्या आत्ता रिसालिनच्या कानावर घाला."

"सिल्डा तिच्याकडे जेवायला गेलीय. तिच्यासमोर काय सांगू? आणि उद्या रविवार."

रविवारी बाह खरेदीविक्रीचा शब्दही काढत नसत, चाळीस वर्षांचा नेम. मी म्हटलं, एक खोटं पचवलं तर एक रविवारही पचवा. त्यावर ते इतके खिन्न दिसले की मीच विषय सोडला. दोन दिवसांत काय होतंय, असंही मनात आलं. चर्चमध्ये रिसालिन लांबच्या बाकावरून आमच्याकडे बघून हसली, तर बाहनी नजर गाण्याच्या पुस्तकात घातली.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. भिंतीवर नुसता खिळा होता.

"विकली!" रिसालिनचा चेहरा बऱ्याच दिवसांनी फुलला होता. "शनिवारी सिल्डा काँग उठून गेली आणि अर्ध्या तासात तो जुनं सामान गोळा करत फिरणारा गुवाहाटीचा माणूस दारात. मी मुद्दाम अठरा सांगितले. त्याने पंधरा काढून ठेवले, एक शब्द न बोलता! बाह, तुमच्या भावावर तीन हजार मिळवले मी. फसवला त्याला!"

बाह वेताच्या मोड्यावर बसले.

"कुठे उतरलाय तो? नाव काय?"

"कोण जाणे. त्याच दिवशी सुमो पकडून गेला."

मग बाहनी सगळं सांगितलं. अडीच लाख होते, मी खोटं बोललो, सिल्डाने सोडावी म्हणून बोललो, तुला आज सांगणार होतो. हळूहळू, एकेक वाक्य. रिसालिन ऐकत राहिली, आणि मला वाटलं आता ती किंचाळेल, काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

ती हसली. डोळ्यात पाणी, आणि हसली.

"बाह, तुमचं मन मोठं आहे. आता म्हणाल चूक माझी, भरपाई घे. मला पैसे द्यायचेत म्हणून स्वतःच्या शब्दाला डाग लावू नका."

"मी खरं सांगतोय, रिसालिन."

"सख्ख्या भाच्याला सोडलं नाहीत तुम्ही. माझ्यासाठी खोटं बोलाल?" ती माझ्याकडे वळली. "काँग, तुम्हीच सांगा. बाहनी कधी खोटा भाव सांगितलाय?"

बाह माझ्याकडे बघत होते. आयुष्यात एकदा त्यांना माझ्या जिभेची गरज पडली होती. हो म्हटलं असतं तर सिल्डाला कळलं असतं, बाजाराला कळलं असतं, आणि कुणाच्या सांगण्यावरून हेही निघालं असतं.

"नाही," मी म्हणाले.

उतरताना बाह मला मागे टाकून पुढे निघून गेले. आठ दिवसांत त्यांनी आपल्या दोन गिटारी आणि घासायचं यंत्र विकून टाकलं, एक लाख दहा हजार पाकिटात घालून रिसालिनकडे पाठवले. पाकीट परत आलं, सोबत चार संत्री. महिना संपला, जागा पुढच्या नावाला गेली. त्यानंतर कुणी गिटार घेऊन आलं की बाह म्हणायचे, "नजर गेली माझी, दुसरीकडे दाखवा." नजर चांगली होती. माझ्या भातातला खडा त्यांना लांबून दिसायचा.

पावसाळ्यात रिसालिन इबानला घेऊन माझ्याकडे आली. कामाला ठेवून घ्याल का, म्हणाली. मी ठेवून घेतलं. दुसरं काय तोंड होतं मला?

सहा वर्षं, रोज दोन वेळा, बाहना चहा इबाननेच दिला. ते पैसे काढायचे आणि ती कधीच घ्यायची नाही. "ठेवा हो बाह. आई म्हणते, अख्ख्या गावात एकाच माणसाने आम्हाला खरं सांगितलं, त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत." तिची पाठ वळली की बाह नाणी बशीखाली ठेवून जायचे, आणि ती मी उचलायची.