मामींच्या छातीतला आवाज

जगात कुठलीही गोष्ट कारणाशिवाय घडू नये आणि घडलीच, तर तिने ते कारण त्यांच्या गावी, रिठदला येऊन समक्ष सांगावं, असा माझ्या मामांचा आग्रह आहे. विहिरीवरची मोटार दुरुस्त करून मिस्त्री निघाला, तर मामांनी चालू मोटार बंद केली. "बंद काहून पडली व्हती, ते सांगून जाय!" माझ्या बढतीचे पेढे घेऊन गेलो, तेव्हा पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "तुलेच काहून देली?" हा प्रश्न आमच्या कार्यालयात बऱ्याच जणांना पडला होता, विचारला फक्त मामांनी.

मागच्या वर्षी मामींना चार पावलं टाकली की दम लागू लागला. पोरांनी त्यांना एका चकचकीत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांच्या मागची भिंत प्रमाणपत्रांनी इतकी भरली होती, की कॅलेंडर बिचारं दाराआड लटकत होतं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि गंभीरपणे म्हणाले, "हृदयात आवाज येतोय. वयामुळे होतं असं."

"मंग माहं काहून वाजत नाही?" मामा म्हणाले. "मी तं इच्याहून मोठा आहो!"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

घरी त्या आवाजाने सगळ्यांची झोप उडवली. झडप खराब असणार, नागपूरला नेऊन छाती उघडावी लागणार, असं पोरांनी ठरवून टाकलं. मामींनी कोणतं लुगडं कोणत्या सुनेला द्यायचं, हेही सांगून टाकलं. मामा मात्र "आवाज हाये तं कारण राह्यनच" म्हणत त्यांना एसटीत बसवून कारंज्याला निघाले. सोबत मी. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंची भिंत कोरी होती. त्यांनी हृदयाची सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. झडपा ठणठणीत निघाल्या.

"काकू, तुमचं रक्त फार कमी झालंय. मग हृदय आहे तेच जोरात पळवतं. त्याचा आवाज."

"रक्त काहून कमी झालं?"

"पोटात कुठेतरी हळूहळू झिरपत असेल."

"ते काहून?"

बाई कंटाळल्या नाहीत; उलट खुर्ची पुढे ओढून बसल्या. मामांना आयुष्यात प्रथमच जोडीदार भेटला होता. "काकू, कसल्या गोळ्या घेता का?"

मामींनी मुकाट्याने पिशवीतून एक पट्टी काढली. गुडघेदुखीच्या गोळ्या. मेडिकलमधून आणवून, रिकाम्या पोटी, कितीतरी महिने, कोणाला न सांगता.

"मले काहून नाही सांगतलं?" मामा ओरडले.

"सांगतलं असतं तं गुडघा काहून दुखते, हे तुमी दिवाळीपर्यंत इचारत बसले असते. मले सयपाक करा लागते."



दुर्बिणीतून जठरातली जखम सापडली; ती गोळ्यांनीच केली होती. त्या गोळ्या बंद झाल्या, औषधं सुरू झाली, मामींच्या गालांवर रंग आला. मामांनी हा विजय रिठदच्या स्टँडवर इतक्या वेळा सांगितला, की एसटीच्या कंडक्टरला मामींचं जठर तोंडपाठ झालं.

परवा पुन्हा तपासणी झाली. आवाज गेला होता. डॉक्टरीणबाईंनी नळी मामांच्याच कानांत घातली. "ऐका. आता नुसते ठोके."

मामांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या संसारात ते मामींचं काही ऐकून घेताहेत, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. नळी परत घ्यायला बाईंनी पुढे केलेला हात तसाच राहिला.

"पुरे आता, बाहेर लोकं बसले हायेत," मामी पुटपुटल्या.

मामांनी डोळे न उघडताच, हाताने त्यांना गप्प राहायला सांगितलं.