दोन जन्मतारखा

हे लिहायला घेताना माझ्यापुढे एकच प्रश्न होता. बी.एड.ची पदवी हातात होती, परदेशातल्या एका शाळेने गणिताची शिक्षिका म्हणून माझी निवड केली होती, पासपोर्टही आला होता. तरी मी गेले नाही. यात चूक नेमकी कोणाची? उत्तर सोपे वाटते, म्हणूनच क्रमाने सांगते.

आमचे गाव टेंभुर्णी. बाबा तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेत. मूल शाळेत घालायला आणणारे पुष्कळ आईबाप त्याची जन्मतारीख सांगू शकत नसत. "पोळ्याच्या आसपास झाली," "कापूस येचायचे दिवस होते," एवढेच सांगत. रजिस्टरातला रकाना तर रिकामा ठेवता येत नाही. तेव्हा वय बसेल असे वर्ष धरायचे आणि पुढे एक जून लिहायची, ही शिक्षकांची जुनी रीत. शाळा जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे हिशेब सोपा जातो. आई चेष्टेने म्हणायची, "अर्ध्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं या माणसानं."

माझी तारीख मात्र बाबांना ठाऊक होती. मी ऑगस्टच्या शेवटी जन्मले आणि ग्रामपंचायतीत तशी नोंदही झाली. पहिलीसाठी मला जवळजवळ तीन महिने कमी पडत होते. आई खुरपायला गेली की घरी मला सांभाळायला कोणी नसे. बाबांनी मला आपल्याच वर्गात बसवले आणि रजिस्टरात, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात, माझ्या नावापुढेही एक जून लिहिली.

पुढे जालन्याला राहून मी बी.एड. केले. शेवटच्या परीक्षेनंतर हिंदी महासागरातल्या एका लहानशा बेटांच्या देशातून निवडीचे पत्र आले. तिथे इंग्रजीतून शिकवायचे होते. मी घरी सराव करू लागले आणि बाबा माझे विद्यार्थी झाले. त्यांना इंग्रजी बेताचेच येई, तरी मी भिंतीवरच्या फळ्यावर अपूर्णांक मांडले की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हात वर करत.

"मॅडम, मागच्या बाकावर न्हाई समजलं. पुन्हा सांगा."

"मागचा बाक बोलून राह्यला असंल, म्हणून न्हाई समजलं," आतून आई म्हणे.

त्या दोन महिन्यांइतके हसणे आमच्या घरात पुन्हा झाले नाही.

व्हिसासाठी तिकडून ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मागवला गेला. मी तो दहावीच्या प्रमाणपत्रासोबत पाठवला आणि चौथ्या दिवशी उत्तर आले: दोन्हींवरच्या तारखा जुळत नाहीत, सत्र सुरू होण्याआधी दुरुस्त केलेली कागदपत्रे पाठवावीत. मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवले. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावले. या वेळी कळले नाही म्हणून नव्हे.

दुरुस्तीची सुरुवात मूळ रजिस्टरापासून होते. बाबा निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती आणि शाळेचे मुख्याध्यापक त्यांचेच एके काळचे विद्यार्थी होते. ते उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. बाबा बसले नाहीत.

"गुरुजी, तुमच्या अक्षरावर मी काट कशी मारू?" मुख्याध्यापक म्हणाले. "आन् माझी तरी कुठं खरी हाय? मलाबी तुम्हीच एक जून दिली."

"तुझी मला ठाऊक नव्हती," बाबा म्हणाले. "हिची ठाऊक होती. फरक हाय त्यात. कागद दे."

आणि त्यांनी उभ्यानेच लिहून दिले की खरी तारीख माहीत असताना मी चुकीची नोंद केली. खाली सही केली, आणि सहीपुढे 'सेवानिवृत्त शिक्षक' असे लिहिले. रोज सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसून मुलांचे पाढे घ्यायची त्यांची सवय होती. त्या दिवसानंतर ते शाळेच्या रस्त्याने गेले नाहीत.

आम्हाला कोणी अडवले नाही. शाळेतून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला आणि तिथून बोर्डाकडे जायला कागदाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. दुरुस्त प्रमाणपत्र आले तेव्हा तिकडचे सत्र सुरू झाले होते आणि माझी जागा भरली गेली होती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असे ठरले. पण त्या हिवाळ्यात बाबा आजारी पडले आणि मी भोकरदनच्या एका शाळेत नोकरी धरली.

अंथरुणावरून त्यांनी एकदा विचारले, "माय, माझ्यामुळंच राह्यलं न तुझं?"

"न्हाई, बाबा."

मुलगी आपले मन राखते आहे असेच त्यांना वाटले. वास्तविक मी खरे बोलत होते, पण अर्धेच.

दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरताना आमच्या वर्गशिक्षकांनी सगळ्यांना बजावले होते, "नाव, जन्मतारीख बराबर तपासा, मंगच सही करा." मी तपासले होते. जन्मदाखला मी घरी पाहिलेला होता, त्यावरची तारीख मला पाठ होती. त्या वेळी एका अर्जाने काम झाले असते. पण चूक दाखवायची म्हणजे बाबांची चूक चारचौघांत दाखवायची, आणि मी तर गुरुजींची मुलगी. मागे रांग होती. मी सही केली.

हे त्यांना सांगायला माझ्याकडे अख्खा हिवाळा होता. रोज उद्यावर टाकले. होळीच्या आधी बाबा गेले. चूक सर्वस्वी आपलीच, असे मानून गेले.

प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे. पण वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याचा जन्मदाखला आणि शाळेच्या रजिस्टरातली नोंद शेजारी शेजारी ठेवून दोन्ही तारखा कृपया स्वतः तपासून पाहाव्यात.