आबांनी निवडलेला सबवूफर

त्या दिवशी आम्ही बीडला दोन कामांसाठी गेलो होतो. वडिलांचे कान दाखवायचे होते आणि माझ्या पॅसेंजर जीपसाठी सबवूफर घ्यायचा होता.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात त्यांची सगळी नोकरी मिल हाउसात गेली. ऊस पिळणाऱ्या रोलरांना वंगण घालायचं आणि तळहात लावून बेअरिंग तापतंय का, हादरतंय का ते बघायचं, हे त्यांचं काम. त्या गडगडाटात कान हळूहळू गेले. कारखाना चालू होता तोवर त्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण तिथं सगळेच खुणांनी बोलायचे. मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. धरणाच्या तळाला गाळ उरला, उभा ऊस वैरणीसाठी कापला गेला आणि हंगाम सुरूच झाला नाही. आबा घरी बसले. आपण बहिरे झालोय हे त्यांना घरात बसल्यावर पहिल्यांदा कळलं.

डॉक्टर म्हणाले, "नस गेलीय. मशीन लावून उपयोग नाही." मी आबांकडे बघून नाही अशी मान हलवली. ते सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मग चल. तुझा भोंगा घेऊ."

स्टँडवर ज्या जीपमध्ये गाणी दणकून वाजायची ती आधी भरायची, म्हणून मला सबवूफर हवा होता. दुकानदार वयस्कर होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणालो. त्यांनी तीन पेट्या मांडल्या.

"खोक्यावरचे वॅट बघू नका," चाचा म्हणाले. "हजार लिहितात. सतत किती झेपतं ते बघायचं. आणि पडद्याभोवतीची कड रबराची घ्या. फोमच्या कडेचा आपल्या उन्हात दोन वर्षांत भुगा होतो."

पहिली पेटी मोठी होती, स्वस्तातली. ती वाजायला लागली तसे आबा स्टुलावरून उठले आणि पेटीवर तळहात ठेवून उभे राहिले.

"ही नुसतीच हादरतीय," ते म्हणाले. "मागं कायतरी ढिलं हाय."

चाचांनी पेटी वळवून बघितली. मागची फळी खरंच सुटली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कानाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "कारखान्यात होते."

दुसरा सबवूफर दहा इंची, बंद पेटीतला. ठोका नेमका यायचा. मी मनात तोच धरून आलो होतो. आबा म्हणाले, "चांगला हाय. पण लई लवकर थांबतोय."

तिसरा बारा इंची, पुढं हवेसाठी भोक ठेवलेल्या पेटीतला. त्याचा आवाज खोल होता, घुमत राहायचा. त्याच्यावर आबांनी एक हात ठेवला, मग दुसरा. डोळे मिटून घेतले. गाणं संपलं तरी हात उचलले नाहीत.

"ह्योच घे," ते म्हणाले. "आमची तीन नंबरची मिल अशीच चालायची."

चाचा मला हळूच म्हणाले, "पेटी मोठी आहे. बाकाखाली मावणार नाही. मागची सगळी जागा जाईल. तुम्ही दहा इंचीच न्या."

मला ते पटत होतं. तरी मी बारा इंचीच घेतला. सकाळी दवाखान्यात आबांना मान हलवून नाही सांगितल्यानंतर पुन्हा त्यांना नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती.

पुढचे काही आठवडे आबा प्रत्येक फेरीला जीपमध्ये असायचे. मागच्या बाकावर पेटीला टेकून बसायचे, हात पेटीवर. सगळ्या जन्मात बोलले नव्हते तेवढं बोलायला लागले. हंगामातल्या पाळ्या, वाफेचा वास, कुणाचा हात रोलरात जाता जाता कसा वाचला, सगळं. पॅसेंजर मान डोलवायचे. मी आरशातून बघायचो.

पण गावात टँकर चार दिवसांनी यायचा. माणसं माजलगावहून कॅन भरून आणायची आणि ते ठेवायची जागा पेटीनं खाल्ली होती. लोक दुसऱ्या जीपकडे जायला लागले. एक दिवस आमच्या गल्लीतली काकू तिच्या गरोदर लेकीला घेऊन बसली.

"तेवढं बंद कर रं," ती म्हणाली. "पोटातलं लेकरू दचकतंय."

मी बंद केलं. लगेच मागून आबांचा आवाज आला. "कावून बंद केलंस?"

सगळी जीप त्यांच्याकडे बघायला लागली. मी मागं वळून त्या पोरीकडे बोट दाखवलं. त्यांनी बघितलं, पेटीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि माजलगाव येईपर्यंत बाहेर बघत बसले.

वैशाखात टँकर येणंच थांबलं. जाणती चार माणसं दारात आली. त्यातले एक म्हणाले, "ती पेटी काढ. पाणी आणावं लागंल तुला." वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी पाना घेऊन जीपमध्ये शिरलो, तोच आबा आले. लोक कशाला आले होते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण अंगणात मांडलेले रिकामे कॅन त्यांनी बघितले होते.

"आण तो पाना. तुला न्हाई जमायचं," ते म्हणाले आणि चारही बोल्ट त्यांनी स्वतः काढले.

पेटी घरात बॅटरीवर लावून देतो, असं मी खुणेनं सांगितलं. त्यांनी हातानं नको म्हटलं.

"घरात काय करू? गाडीत वाटायचं, कामावर चाललोय."

त्यानंतर त्यांचं बोलणं आटलं. राग नव्हता, जेवायचे, विचारलं तर मान हलवायचे. गल्ली तशीही रिकामी होत चालली होती. अर्ध्या घरांना कुलपं लागली, माणसं मिळेल त्या मजुरीला लांब गेली. बहीण उमापूरला दिलेली. ती येऊन आबांना घेऊन गेली आणि मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलेलं अजून मनातून जात नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. धरणात पाणी आलं. कारखाना दुसऱ्यांनी चालवायला घेतला आणि हंगाम सुरू झाला. मी उमापूरला गेलो. आबा खाटेवर पडून होते, फार वाळले होते. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कारखाना चालू झाला. येता का बघायला?'

त्यांनी दोनदा वाचलं. कागद घडी करून मला परत दिला.

"चालू दे," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

बहिणीनं चहा आणला. तो पिऊन मी निघालो. महिन्याभरानं ते तिथंच गेले.