दादाच्या पंजाचं माप

तुमचे हात लहान आहेत, हे कुणाच्या हाताशी मोजून ठरवलं?

"खर्जाची लांब बासरी तुला झेपायची नाही, बोटं पुरत नाहीत," असं गुरुजी मला सहा वर्षं सांगत होते. शेवटी उत्तरेकडच्या मुन्शी घाटावर बासऱ्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याने माझी बोटं दोऱ्याने मोजली, तापल्या सळईने नव्या खर्जाच्या बासरीला भोकं जराशी तिरकी, जवळ पाडली आणि फुंकर मारून राख उडवली. बोटं सहज पोहोचली.

"मग गुरुजींची बासरीही तुमच्याकडचीच, तिचं माप कुठलं?" मी विचारलं.

त्याने जुनी, काळवंडलेली पट्टी दाखवली. "हमरे दादा के पंजे का, बिटिया. पहलवान थे."

माप त्याच्या आजोबांचं! म्हणजे सहा वर्षं एका पैलवानाच्या पंजापुढे मी नापास होत होते!

कुणी मुलीचे हात लहान म्हणालं, तर गप्प बसू नका. माप कुणाचं, ते तिथेच विचारा.